सातव्या दगडावरचं नाव

राजा मेनकौरेच्या पिरॅमिडला उत्तरेच्या अंगानं, दारापासून मोजत गेलं की खालच्या दुसऱ्या थरात सातवा दगड लागतो. त्या दगडावर काय आहे हे त्या वर्षी भिंतीवर राबणाऱ्या माणसांत एकट्या कानेफरला ठाऊक होतं. आणि तो दगड घोटायची पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून तो ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्या देवांची मनधरणी करत होता.

कानेफर घोटाईवाला होता. दक्षिणेच्या खाणीतून लाल ग्रॅनाइट येई तो पोट सुटलेल्या माणसासारखा. भिंतीत बसला की त्याचं पोट काढून तोंड सपाट करायचं, हे कानेफरचं काम. काळ्या गोट्यानं ठोकायचं, वाळूनं घासायचं, मग सपाट फळीला गेरू फासून ती दगडावर टेकवायची. जिथं लाल उठेल तिथं दगड अजून उंच आहे. तेवढाच ठोकून काढायचा. पुन्हा फळी, पुन्हा गेरू. लाल उठायचं थांबलं की दगड झाला. तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. लाल दिसलं की घालवायचं, दुसरी विद्या त्याला येत नव्हती.

सातव्या दगडावरची खूणही गेरूनंच काढलेली होती. ती त्याच्या मुलानं काढली होती, आणि मुलगा आता नव्हता.

खेनू तीन पुरांपूर्वी, म्हणजे तीन वर्षांमागं, दक्षिणेला गेला, खाणीवरच्या टोळीबरोबर. टोळीचं नाव ‘मेनकौरेचे बेवडे’. हे नाव टोळीनंच मोठ्या अभिमानानं घेतलं होतं आणि प्रत्येक दगडावर गेरूनं ते लिहून पाठवलं जाई. दुसरी टोळी ‘मेनकौरेचे सोबती’, ती यांना नावं ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी यांच्याचकडे प्यायला यायची. टोळीचं नाव लिहायला मुभा होती. एकट्या माणसाचं लिहायला नव्हती. राजाच्या भिंतीत राजाखेरीज कोणी नावानं राहायचं नाही.

मागच्या पुरात दगड भरलेली नाव नदीतून खाली येत असताना दोर तुटला आणि खेनू पाण्यात गेला. नदीनं त्याला परत दिलं नाही. चार दिवस माणसं काठाकाठानं हिंडली, पाचव्या दिवशी मगरींकडे बोट दाखवून मोकळी झाली. देह नाही म्हणजे कबर नाही. कबर नाही म्हणजे मेलेल्या माणसानं जेवायला यायचं कुठं? या पठारावरच्या माणसाला मरणाचं इतकं भय नसतं, जितकं मेल्यानंतरच्या उपासाचं असतं. राजासुद्धा एवढा डोंगर रचत होता तो त्याच धास्तीपायी.

खेनूची बातमी घेऊन आला तो मेहू, त्याच नावेवरचा. कानेफरच्या दारात उकिडवा बसून, जमिनीकडे बघत त्यानं सगळं सांगितलं, आणि उठता उठता म्हणाला, “काका, एक सांगायचं राहिलं. त्यानं एका दगडावर नाव लिहिलंय. तिकडच्या कारकुनाच्या मागं लागून शिकला होता थोडं. मधून पांढरी शीर गेलेला दगड आहे बघा. मला म्हणाला, हा माझ्या बापाच्या हाताखाली जाणार, त्याला दिसेल.”

“कुणाचं नाव लिहिलं?”

“कुणाचं म्हणजे? स्वतःचंच की. मला कुठं वाचता येतंय, पण माणूस दुसऱ्या कुणाचं लिहील?”

तो दगड भिंतीत बसला त्या दिवशी कानेफरनं तो शंभर दगडांतून ओळखला. पांढऱ्या शिरेच्या वर, कोपऱ्यात, वीतभर जागेत लिहिलं होतं. सुरुवातीला दोन वर केलेले हात. त्याच्या शेजारी तळाशी फुगीर असलेली एक उभी दांडी. पुढं आणखी चारदोन बारीक खुणा, घाईत काढल्यासारख्या. कानेफरला अक्षर म्हणून एक येत नव्हतं. टोळ्यांची नावं तो आकारावरून ओळखायचा आणि राजाचं नाव त्याच्याभोवतीच्या कड्यावरून. हे त्यांपैकी काही नव्हतं. म्हणजे हा खेनूच.

संध्याकाळी त्यानं बायकोला, नुबेतला, चुलीपुढच्या राखेत बोटानं काढून दाखवलं. नुबेत टोळ्यांच्या भट्टीवर भाकऱ्या भाजायची. भट्टीवरच्या बायकांना मोठ्या भिंतीपलीकडे, कामावर यायला मनाई होती, त्यामुळे दगड पाहणं तिच्या नशिबी नव्हतं.

“हे पहिलं काय?” तिनं विचारलं.

“दोन हात. वर केलेले.”

नुबेत राखेवर वाकली. “उचलून घे म्हणतोय,” ती म्हणाली. “लहानपणी असाच उभा राहायचा, आठवतं? मी पीठ मळत असले की मुद्दाम तेव्हाच.” मग तिनं पदर तोंडाला लावला. कानेफर राख पुसायला गेला तर तिनं त्याचा हात धरला. ती राख आठ दिवस तशीच होती. चूल अंगणात मांडली, पण राख कोणी हलवली नाही.

तेव्हापासून ती रोज एक भाकरी जास्तीची द्यायची. दुपारी बाकीचे सावलीला गेले की कानेफर सातव्या दगडाशी जायचा, भाकरी पुढं ठेवायचा, मडक्यातली सातूची दारू ठेवायचा, आणि पुटपुटायचा, “इथं ज्याचं नाव आहे, त्याला हजार भाकरी, हजार घडे.” मुलाचं नाव मात्र तो घेत नसे. कोणी ऐकलं तर दगडाचं बिंग फुटेल ही एक भीती. आणि खरं सांगायचं तर ते नाव तोंडाशी आलं की अर्ध्यावरच अडायचं, आणि अर्ध्या नावानं वाढलेलं पोचतं की नाही कुणास ठाऊक. म्हणून तो ‘ज्याचं नाव आहे त्याला’ यावर भागवायचा. थोडा वेळ थांबून मग भाकरी स्वतः खायचा. देवळातही रीत तीच; देवाचं जेवण झालं की उरलेलं पुजाऱ्यानं खायचं.

चार महिने हे चाललं. सोबतचे घोटाईवाले चेष्टा करायचे. “काका, लोक दुःखात वाळतात. तुम्ही तर बाळसं धरलंय!” कानेफर हसण्यावारी न्यायचा. पण त्याला दुपार कधी होते असं व्हायचं. सकाळी कामावर जाताना पोराला भेटायला चाललोय असंच त्याला वाटे, आणि घरी परतताना पाय जड होत. जगात त्याच्या मुलाची वीतभर जागा उरली होती, आणि ती त्याच्याच गोट्याखाली जाणार होती.

घोटाई दारापासून सुरू झाली होती. पहिला दगड झाला. दुसरा, तिसरा. पुढच्या पुराला राजा नावेतून येऊन भिंत बघणार होता, तेव्हा उत्तरेची बाजू आपलं तोंड दिसेल इतकी गुळगुळीत हवी, असा वरून हुकूम होता. कानेफरनं आयुष्यात कधी कामचुकारपणा केला नव्हता. आता या वयात तो शिकला. फळीला तो जरा जास्तच गेरू फासू लागला. एवढा गेरू फासल्यावर सपाट दगडही लालेलाल उठायचा. मग मान हलवून म्हणायचं, “अजून उंच आहे,” आणि वाळूनं उगाच घासत बसायचं. चौथ्या दगडाला त्यानं दुप्पट दिवस लावले. पाचव्याला तिप्पट.

मुकादम होता हेती. कानेफरच्याच हाताखाली काम शिकलेला, त्यामुळे त्याला फसवणं तितकंसं सोपं नव्हतं. सहाव्या दगडाच्या वेळी तो येऊन मागं उभा राहिला. फळी टेकवून कानेफरनं काढली, दगड लाल झाला. हेतीनं फळी हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा कानेफरच्या नाकासमोर धरला.

“काका, हे काय थापलंय? भिंत घोटताय की नवरी सजवताय?”

“हात थरथरतो हल्ली. जास्त पडतो.”

“तुमचा हात थरथरत नाही. मला पहिल्या दिवशी तुम्हीच कानाखाली वाजवली होती, गेरू जाड लावला म्हणून.” हेती खाली बसला. आवाज उतरवून म्हणाला, “काय आहे ते सांगा. वरचे माझ्या मानेवर बसलेत.”

कानेफर उठला, त्याला सातव्या दगडाशी घेऊन गेला आणि नुसतं बोट दाखवलं. मग सांगून टाकलं. हेतीनं खेनूला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो त्या दोन हातांकडे बघत राहिला आणि त्यानं नाक ओढलं.

“मी एक दगड वगळला तर सगळ्यांना दिसेल, काका. सपाट भिंतीत एकच गाठोडं.”

“माहीत आहे मला.”

“तुम्ही नाही केलंत तर मला दुसऱ्याला लावावं लागेल. ते परवडेल तुम्हाला? कुणीतरी सोम्यागोम्या ठोकेल त्याच्यावर?”

“तेही नाही परवडत.”

“दहा दिवस,” हेती म्हणाला. “सहावा दगड दहा दिवस चालवा. हवा तेवढा गेरू फासा, मी आंधळा होतो. अकराव्या दिवशी मात्र माझ्याच्यानं होणार नाही.”

त्या दहा दिवसांत कानेफरनं काय काय नाही केलं. कारागिरांचा देव प्ताह, त्याच्या देवळात हंस वाहिला. रात्र रात्र मनाशी म्हणाला, मीच हळूहळू घालवीन, आधी बारीक खुणा, मग दांडी, हात सगळ्यात शेवटी. नुबेतला त्यानं सांगितलं नाही. नवव्या दिवशी तिनं भाकरीत खजूर घालून दिले, खेनूला आवडायचे म्हणून, तेव्हा मात्र त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना.

अकराव्या दिवशी सकाळी तो गोटा घेऊन सातव्या दगडासमोर उभा राहिला. हेती लांब, पाठ करून उभा होता. कानेफरनं गोटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आणि तेवढ्यात नदीच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. आधी वाटलं घाटावर भांडण लागलं असेल. मग भट्टीवरच्या बायकांचा आवाज त्यात मिसळला, आणि तो भांडणाचा नव्हता. चढणीवरून एक माणूस कपाळावर माती फासून धावत आला. राजा गेला होता.

सगळ्यांनी हत्यारं टाकली. जो तो खाली बसून डोक्यावर माती घेऊ लागला. रडणं खोटं नव्हतं. बरीच माणसं या एका राजाच्या भाकरीवर म्हातारी झाली होती. कानेफरनंही माती घेतली आणि डोक्यावर घातली. पण आत त्याला जे वाटलं ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. त्याला आनंद झाला होता. राजा मेला आणि माझं पोर वाचलं, असं त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, आणि त्याची त्याला इतकी शरम वाटली की त्यानं मुठी भरभरून माती ओतून घेतली. शेजारच्यांना वाटलं, म्हातारा राजनिष्ठ आहे.

नव्या राजाला आपल्या कबरीच्या जागेची घाई होती. महिन्याभरात हुकूम आला: बापाच्या पिरॅमिडपुढचं देऊळ मातीच्या विटांनी उरकून घ्या, भिंतीचे दगड आहेत तसे राहू द्या, टोळ्यांनी दक्षिणेच्या नव्या कामावर निघावं. सहा दगड गुळगुळीत आणि पुढचे सगळे ढेरपोटे, अशी ती बाजू राहिली. इतर घोटाईवाल्यांना वाईट वाटलं. कानेफर मात्र दिवसभर गुणगुणत होता.

शेवटची नाव दहा दिवसांनी सुटायची होती. आता भिंत तपासायला कोणी येणार नव्हतं. कानेफरनं ठरवलं, गेरूवर भरवसा नको. उन्हात, वाऱ्यात तो किती टिकणार? खुणांवरूनच दगडात खोदून काढायचं, म्हणजे कायमचं झालं. फक्त एक शंका होती. काही रेघा पुसट झाल्या होत्या, त्या नेमक्या कशा हे माहीत हवं. म्हणून हेतीला मधे घालून त्यानं कारकून इयमेरीला बोलावून आणलं. इयमेरी सामान बांधायच्या गडबडीत होता. दुपारची थोडी घेतलेलीही होती.

“बोला, काय वाचायचंय?”

“हे नाव, साहेब. नीट, एकेक खूण सांगून.”

इयमेरीनं डोळे बारीक केले. “कानेफर.”

“मी कानेफर. इथं काय आहे ते वाचा.”

“तेच वाचतोय.”

“साहेब, चेष्टा नको.”

“अरे बाबा, हे दोन हात म्हणजे ‘का’. ही दांडी म्हणजे ‘नेफर’. कानेफर. तुझं नाव आहे हे. कधी बघितलं नाहीस?”

त्यानं खरंच कधी बघितलं नव्हतं. त्याचं नाव आजवर कोणी कधी लिहिलंच नव्हतं. लिहिण्याचं कारण पडलं नव्हतं. हेतीनं त्याचा दंड धरला.

“आणि पुढचं?” हेतीनं विचारलं.

“‘हे त्याच्यासाठी केलं, त्याच्या मुलानं.’” इयमेरीनं बोट पुढं सरकवलं. “आपलं कबरीवर असतं ना, तेच. मुलगा बापाचं नाव जिवंत ठेवतो ते. यानंतर मुलाचं नाव येतं. ते इथं नाही. राहिलेलं दिसतंय. कुणी हाक मारली असेल, नाही तर गेरू संपला असेल.” तो हसला. “कारटं शिकाऊ होतं, पण हात चांगला आहे.”

कानेफर दगडाला टेकून खाली बसला. चार महिने. रोज एक भाकरी, रोज एक मडकं, ‘इथं ज्याचं नाव आहे त्याला’. जिवंत माणसानं मेलेल्याचं जेवण स्वतःच्याच नावानं वाढून घेतलं होतं आणि वर बाळसं धरलं होतं. आणि पोर उपाशी होतं. बापाला कायमची जागा करून देऊन ते स्वतः बाहेरच राहिलं होतं. त्याला हसू आलं, आणि ते हसू बघून इयमेरीसुद्धा घाबरला.

“साहेब,” कानेफर म्हणाला, “खेनू कसं लिहितात?”

इयमेरीनं आता ओळखलं. कानामागची काडी काढली, हेतीच्या फळीवरचा गेरू थुंकीनं ओला केला आणि जिथं खेनू थांबला होता तिथंच, पुढं, जरा ठळक लिहिलं. मग म्हणाला, “दहा दिवसांत एवढ्या कडक दगडात दोन्ही नावं व्हायची नाहीत. एक कुठलं तरी होईल. तुझं आधी लिहिलंय.”

“माझं राहू दे,” कानेफर म्हणाला. “मला अजून माणसं हाका मारतात.”

नऊ दिवस तो उजाडल्यापासून मावळेपर्यंत दगडाशी बसून होता. हेतीनं वाळू आणली, पाणी आणलं, छिन्नीला धार लावून दिली. खाच बोटाच्या पेराएवढी खोल झाली. तीस वर्षं दगडाचं तोंड सपाट केलेल्या माणसाला खड्डा करायला शिकावं लागलं. मधे रेघ एकदा वाकडी गेली, तर त्यानं स्वतःला मोठ्यानं शिवी घातली. मुलाच्या हातानं काढलेल्या लाल रेघांना मात्र त्यानं धक्का लावला नाही. त्या वाऱ्यानं जातील तेव्हा जातील.

दहाव्या दिवशी सकाळी मोठ्या भिंतीवरचे पहारेकरी निघून गेलेले होते. नुबेत पहिल्यांदाच पलीकडे आली, डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन. एवढा थोरला डोंगर समोर असताना तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. “कुठं?” एवढंच विचारलं.

कानेफरनं तिला आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. आता त्यानं दोन हातांवर बोट ठेवलं. “हे माझं. त्यानं लिहिलेलं.” मग बोट पुढं नेलं. “आणि हा तो.”

नुबेतनं खोदलेल्या खाचांत बोट घालून एकेक रेघ चाचपली, आंधळी माणसं चेहरा चाचपतात तशी. मग टोपली उतरवली आणि दगडापुढं भाकऱ्या मांडायला लागली. चार महिन्यांच्या राहिल्या होत्या. जेवढ्या बसतील तेवढ्या तिनं रात्रभर भाजून आणल्या होत्या. कानेफर हात जोडून उभा राहिला आणि सवयीनं सुरू झाला, “इथं ज्याचं नाव आहे, त्याला—”

“हे काय?” ती त्याच्यावर उसळली. “परका आहे का तो? नावानं बोलवा की!”

त्यानं तोंड उघडलं.  नाव आलं नाही. खाली घाटावर नाववाले घाई करत होते. नुबेतनं त्याची वाट पाहिली नाही. ती दगडाकडे तोंड करून उभी राहिली, आणि भट्टीच्या धुरानं बसलेल्या आवाजात, अख्ख्या पठाराला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली:

“खेनू! ए खेनू! जेवायला ये रे!”

चढणीवर विटा वाहणारी माणसं थांबून बघू लागली. मग कानेफरनं हाक मारली. पहिली घशातच राहिली. दुसरी निघाली.